नाव, रूप आणि अधिष्ठान : विकरभेदाच्या अभ्यासातून वैद्याने काय घ्यावे?

द्रव्याचे नाव आणि रूप ठाऊक असले म्हणजे द्रव्य ठाऊक झाले असे समजू नये, असे चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या पहिल्याच अध्यायात बजावले आहे. गुराखी, मेंढपाळ आणि वनात राहणारे लोक औषधी नावाने व रूपाने ओळखतात. परंतु देश, काल आणि पुरुष पाहून त्यांची योजना जाणतो तोच श्रेष्ठ वैद्य, हा त्या उपदेशाचा आशय आहे. आज आपल्या व्यवसायाची स्थिती पाहिली, तर या उपदेशाचा पूर्वार्धच दुर्लभ झाल्याचे दिसते. योजना आपण जाणतो, योग आपल्याला मुखोद्गत असतात. परंतु गोणीतून आलेले द्रव्य तेच आहे काय, हे सांगणारा जाणकार आपल्याजवळ राहिलेला नाही. आपण व्यापाऱ्याच्या चिठ्ठीवरील नाव वाचतो आणि त्यावर विश्वास ठेवतो.

हा विषय आताच मांडण्यास एक निमित्त आहे. गेल्या काही वर्षांत औषध विक्रेत्यांच्या याद्यांत अळिंबीची चूर्णे, सत्त्वे आणि कॅप्सूल मोठ्या संख्येने दिसू लागली आहेत. धिंगरी, गुच्छी, रेशी, कीडाजडी अशी नावे घेऊन प्रतिनिधी चिकित्सालयात येतात. दुसरीकडे आपल्या बुलढाणा जिल्ह्यासारख्या सोयाबीनप्रधान भागात कुटारावर धिंगरी अळिंबी घेणे हा शेतकरी कुटुंबाला जोडधंदा म्हणून सुचविला जातो. उद्या हीच अळिंबी वाळवून, दळून आपल्या फार्मसीच्या दारात येणार आहे. ती स्वीकारताना आपण कोणते प्रश्न विचारणार, हे आजच ठरवावयास हवे. या प्रश्नांची दिशा दाखविणारे एक शास्त्र गेल्या सहा-सात दशकांत उभे राहिले आहे. ते म्हणजे सजीवांतील विकरांच्या, अर्थात एन्झाइमांच्या, भेदांचा अभ्यास. त्याची ओळख आपल्या वाचकांस करून द्यावी आणि त्यावरून आपले कर्तव्य काय ठरते ते सांगावे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विकरभेद म्हणजे काय?

एकच कार्य करणारे विकर एकाच जातीच्या दोन व्यक्तींत, किंवा एकाच व्यक्तीच्या दोन अवयवांत, किंचित निरनिराळ्या घडणीचे असू शकते. अशा रूपांना १९५९ मध्ये मार्कर्ट आणि मोलर यांनी 'आयसोझाइम' असे नाव दिले. मराठीत त्यांस समविकर म्हणता येईल. ती ओळखण्याची रीत समजण्यास कठीण नाही. ताज्या पानाचा, बीजांकुराचा, अळिंबीच्या तंतूंचा किंवा किडीच्या शरीराचा रस काढून तो स्टार्चच्या अथवा पॉलिअॅक्रिलामाइडच्या जेलवर ठेवतात आणि त्यातून विद्युत्प्रवाह सोडतात. प्रथिने आपापल्या विद्युत्भारानुसार व आकारमानानुसार कमी-अधिक अंतर कापतात. नंतर त्या विशिष्ट विकराच्या क्रियेनेच रंग उमटेल असे रंजक वापरले, की विकर जेथे असेल तेथे पट्टा दिसतो. दोन नमुन्यांचे पट्टे निरनिराळ्या जागी उमटले, तर त्यांच्या विकरांत भेद आहे असे ठरते.

संकराच्या बाबतीत ही रीत विशेष उपयोगाची आहे, कारण संकरित रोपात मातेचा आणि पित्याचा असे दोन्ही पट्टे एकत्र दिसतात. आपल्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा भागात भाजीपाल्याच्या संकरित बियाण्यांचे उत्पादन चालते. तेथील शेतकऱ्यास बियाण्याच्या शुद्धतेचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. शेतात रोपे वाढवून शुद्धता पाहावयाची तर हंगाम जातो. जेलवरील परीक्षा काही दिवसांत होते.

पिकांच्या क्षेत्रात या रीतीने मोठे काम केले आहे. १९७४ मध्ये अमेरिकेतील रिक आणि फोब्स यांनी टोमॅटोतील अॅसिड फॉस्फटेज या विकराचे एक विशिष्ट रूप मुळांवरील सूत्रकृमींना प्रतिकार करणाऱ्या जनुकाशी निगडित असल्याचे दाखविले. रोपाला सूत्रकृमींची लागण न करताही प्रतिकारक रोप निवडण्याची सोय त्यामुळे झाली. १९८७ मध्ये ग्लाझमान यांनी आशियातील १,६८८ भातवाणांची १५ जनुकस्थानांवर तपासणी करून त्यांचे सहा गट पाडले. दाणा लांब की आखूड, रोप उंच की बुटके, यावरून केलेल्या ढोबळ वर्गीकरणाच्या मागे कुळाचे नाते कसे आहे, हे त्यातून कळले.

अळिंबीचे दोन प्रश्न

अळिंबीची गोष्ट याहून बोधप्रद आहे. बाह्य रूपावरून अळिंबीचे वाण ओळखणे फार कठीण असते. पांढरी बटन अळिंबी एकीसारखी दुसरी दिसते. १९८२ मध्ये पेनसिल्व्हेनियातील रॉइस आणि मे या संशोधकांनी बटन अळिंबीच्या अनेक व्यापारी वाणांचे समविकर तपासले, तेव्हा निरनिराळ्या नावांनी चालणारी कित्येक वाणे प्रत्यक्षात मोजक्याच जनुकीय गटांत बसतात, असे आढळले. नावे अनेक, वस्तू एक. आपल्या द्रव्यगुणशास्त्रात हा प्रकार नवा नाही. मात्र आपल्याला बहुधा उलट अनुभव येतो. शंखपुष्पी या एका नावाखाली भारतात निदान तीन निरनिराळ्या वनस्पती वापरात आहेत. तेथे नाव एक आणि वस्तू अनेक असतात.

कीडाजडीच्या बाबतीत हीच अडचण आज उभी आहे. हिमालयात उंचावर पतंगाच्या अळीवर वाढणारी खरी कीडाजडी आणि प्रयोगशाळेत धान्याच्या माध्यमावर वाढविलेली कॉर्डिसेप्स मिलिटारिस ही दोन वेगळी कवके आहेत. हिमालयातील कवकाचा वंशही २००७ पासून ऑफिओकॉर्डिसेप्स असा वेगळा मानला जातो. दुसऱ्या कवकात गुण नसतील असे आम्हास म्हणावयाचे नाही. परंतु पहिल्याची कीर्ती सांगून दुसऱ्याची विक्री करणे हा व्यवहार वैद्यास शोभणारा नाही. शिवाय बृहत्त्रयीत कीडाजडी नाही. औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार आयुर्वेदाच्या 'पेटंट अथवा प्रोप्रायटरी' औषधात पहिल्या अनुसूचीतील ग्रंथांच्या योगांत आलेली घटकद्रव्येच अपेक्षित आहेत, याचे स्मरण फार्मसीचालकांनी ठेवावे.

'हे कोण?' हा झाला पहिला प्रश्न. दुसरा प्रश्न 'हे कशावर वाढले?' असा आहे आणि तो विचारण्याचा मान सुश्रुताचार्यांकडे जातो. सूत्रस्थानाच्या ४६ व्या अध्यायात त्यांनी उद्भिद शाकांचे, म्हणजे भूछत्रवर्गाचे, पाच भेद अधिष्ठानावरून केले आहेत : पलाल म्हणजे पेंढा, ऊस, करीष म्हणजे वाळलेले शेण, वेळू आणि भूमी. पेंढ्यावर आलेले भूछत्र रसात व विपाकात मधुर, रूक्ष आणि दोषप्रशमन करणारे. शेणावर आलेले उष्ण. वेळूवरचे कषाय व वातप्रकोपक. भूमीवरचे गुरु, फारसे वातल नसलेले, आणि त्याचा अनुरस ज्या भूमीत ते उगवले त्या भूमीप्रमाणे, असे वर्णन तेथे येते. चरकाचार्यांनी सर्पच्छत्रक वर्ज्य सांगून इतर छत्रजाती शीत, मधुर, गुरु व पीनसकर म्हटल्या आहेत. सोळाव्या शतकातील भावप्रकाशकारांनी संस्वेदज शाके सामान्यतः दोषकर, छर्दी, अतिसार व ज्वर उत्पन्न करणारी म्हणून स्वच्छ जागी, काष्ठावर, वेळूवर आलेली शुभ्र छत्रे त्यामानाने कमी दोषकर मानली आहेत.

आधुनिक कवकशास्त्र या दुसऱ्या प्रश्नाकडे विकरांच्या वाटेने येते. भूछत्राला हरितद्रव्य नसते. ते आपले पाचक विकर बाहेर सोडून काष्ठ, पेंढा किंवा शेण जागीच विरघळविते आणि तयार झालेला रस शोषून घेते. धिंगरी अळिंबी लॅकेज नावाच्या विकराची अनेक रूपे तयार करते, आणि कोणते रूप किती प्रमाणात तयार व्हावे हे माध्यमातील घटकांवर, उदाहरणार्थ तांब्याच्या अंशावर, अवलंबून असते. म्हणजे एकाच वाणाची अळिंबी गव्हाच्या काडावर आणि सोयाबीनच्या कुटारावर वाढविली, तर तिची विकरसामग्री हुबेहूब सारखी असेल असे गृहीत धरता येत नाही.

येथे एक सावधगिरीची सूचना केली पाहिजे. सुश्रुतांचे रस-विपाकाचे वर्णन जेलवरील पट्ट्यांनी 'सिद्ध झाले' असा अर्थ कोणी काढू नये. पट्टा वीर्य सांगत नाही आणि विपाकही सांगत नाही. आपल्या सभा-संमेलनांतून 'अग्नी म्हणजेच एन्झाइम' असे समीकरण वारंवार ऐकू येते. आमच्या मते ते अग्नीच्या संकल्पनेस संकुचित करते आणि विकरशास्त्रालाही न्याय देत नाही. सुश्रुतांनी अधिष्ठानाचा प्रश्न विचारला आणि आधुनिक शास्त्रालाही तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, एवढेच साम्य दाखविणे प्रामाणिकपणाचे आहे, आणि आपल्या कार्यासाठी तेवढे पुरेसेही आहे.

वारुळाचा धडा

भूछत्र, पीक आणि कीड हे तीन विषय वेगळे नाहीत, हे वारूळ पाहिले की ध्यानात येते. पूर्व विदर्भात पावसाळ्यात वारुळांवर येणारी सात्या नावाची खाद्य अळिंबी लोक आवडीने खातात. ही अळिंबी उधई स्वतःच वारुळात जोपासते. वाळलेले काड-काष्ठ आणून त्यावर ती कवकाची बाग वाढविते, आणि त्या कवकाचे काष्ठ पचविणारे विकर खाद्याबरोबर तिच्या पोटात जाऊन तेथेही कार्य करतात. आफ्रिकेतील अशाच एका उधईवर मार्टिन दांपत्याने १९७८ मध्ये हे दाखवून दिले. जी उधई शेतकऱ्याच्या पिकाची आणि घराच्या वाशांची शत्रू, तिचेच पचन एका खाद्य भूछत्राच्या आधारावर चालते. औषध, आहार आणि उपद्रव यांच्या सीमारेषा निसर्गात अशा मिसळलेल्या असतात.

किडीचे सात्म्य

किडींच्या संदर्भात विकरभेदाचा सर्वांत महत्त्वाचा अभ्यास महाराष्ट्रातच झाला आहे. हरभरा, तूर आणि कापूस ही आपल्या जिल्ह्याची पिके आणि घाटेअळी ही या तिन्ही पिकांची शत्रू. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. प्रभाकर रांजेकर, डॉ. विद्या गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकापासून या अळीच्या पाचक विकरांचा अभ्यास केला. हरभऱ्याच्या दाण्यात अळीचे प्रथिनपाचक विकर रोखणारी प्रथिने असतात. वनस्पतीचे ते संरक्षण होय. परंतु घाटेअळीचे विकर या संरक्षक प्रथिनांनाच निष्प्रभ करतात, असे १९९८ मध्ये या गटाने प्रसिद्ध केले. २००१ च्या शोधनिबंधात हरभरा, तूर, कापूस आणि भेंडी या चार पिकांवर वाढविलेल्या अळ्यांची तुलना आहे. हरभऱ्यावरील अळ्यांत प्रथिनपाचक विकरांची क्रिया इतरांपेक्षा अडीच ते तीन पट अधिक आढळली, तर तुरीवरील अळ्यांत इतर वर्गांतील विकरही दिसून आले. अळीच्या वयानुसारही विकरांचा संच बदलतो. ज्या अन्नावर अळी वाढते त्या अन्नाशी ती जुळवून घेते. आपल्या परिभाषेत यास ओकसात्म्य म्हणण्याचा मोह होतो. उपमेपुरते तसे म्हणण्यास हरकत नाही.

याच गटाने १९९९ मध्ये आणखी एक निष्कर्ष मांडला. ज्या वनस्पती घाटेअळीचे नेहमीचे अन्न नाहीत, उदाहरणार्थ भुईमूग, चारधारी घेवडा आणि बटाटा, त्यांतील विकररोधक प्रथिने तिच्यावर अधिक प्रभावी ठरतात. तथापि अळी जुळवून घेत असल्याने एकाच रोधकावर विसंबून चालत नाही. २००३ मध्ये कारल्याच्या बियांतील रोधक प्रथिने घाटेअळी आणि तंबाखूवरील पाने खाणारी अळी या दोहोंची वाढ रोखू शकतात, असे त्यांनी प्रसिद्ध केले. कारवेल्लक आपल्या निघंटूंत आहे आणि कृमिघ्न म्हणून आपण ते जाणतो. कृमी शब्दाचा आपला अर्थ आणि कीटकशास्त्राचा अर्थ एकच नव्हे. परंतु द्रव्यगुणाच्या अभ्यासकांनी या संशोधनाकडे वळून पाहू नये, असेही नाही.

दुसरा वर्ग विषाचा प्रतिकार करणाऱ्या किडींचा. इंग्लंडमधील रॉथमस्टेड येथे डेव्हनशायर आणि सावित्स्की यांनी १९७९ मध्ये दाखविले, की प्रतिकारक माव्यात एका विशिष्ट एस्टरेज विकराचे प्रमाण अनेक पटींनी वाढलेले असते. हे विकर विषाला बांधून टाकते. पांढऱ्या माशीचे दोन प्रकार डोळ्यांना सारखेच दिसतात. परंतु एस्टरेजच्या पट्ट्यांवरून १९९० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत ते वेगळे ओळखले गेले. त्यांपैकी उपद्रवी 'बी' प्रकार भारतात १९९९ मध्ये कर्नाटकातील कोलार भागात टोमॅटोवर आढळला. शेंदरी बोंडअळीचे उदाहरण मात्र वेगळ्या स्वरूपाचे आहे. देशात २००२ मध्ये बीटी कपाशीस मान्यता मिळाली आणि पुढील दीड दशकात बोंडअळीने तिच्या विषप्रथिनांशी जुळवून घेतले. परंतु तेथील मुख्य बदल आतड्यातील ग्राहक प्रथिनात झाल्याचे आढळले आहे. प्रत्येक प्रतिकाराचे कारण विकरात शोधणे योग्य नाही.

वैद्याच्या दारातील प्रश्न

हा सर्व विषय कृषी विद्यापीठांचा आहे, वैद्याचा त्याच्याशी काय संबंध, असा आक्षेप येईल. त्यास आमचे उत्तर २०१७ च्या खरिपाकडे बोट दाखविणारे आहे. त्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना झालेल्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त कीटकनाशके ज्या विकराला निकामी करून किडीस मारतात, ते अॅसिटिलकोलिनएस्टरेज माणसाच्या मज्जासंस्थेतही आहे. किडीच्या पिढ्या भराभर होतात. त्यांत विकराचे निराळे रूप असलेली किंवा विष जिरविणारे विकर अधिक असलेली एखादी कीड वाचते आणि तिची संतती वाढते. औषध लागू पडेनासे झाले की शेतकरी मात्रा वाढवितो, दोन औषधे मिसळतो, फवारणीच्या पाळ्या वाढवितो. कीड तोवर बदललेली असते. फवारणारा माणूस मात्र तोच असतो आणि त्याचे विकर पूर्वीइतकेच कोवळे असते.

हा रुग्ण पुष्कळदा प्रथम आपल्याच दारात येतो. लालास्राव, घाम, डोळ्यांच्या बाहुल्या बारीक होणे, उलट्या, श्वासकष्ट, स्नायूंचे स्फुरण ही लक्षणे फवारणीच्या इतिहासासह दिसली, तर दूषित कपडे उतरवून, त्वचा साबण-पाण्याने धुऊन त्यास विनाविलंब रुग्णालयात पाठविणे हे आपले पहिले कर्तव्य आहे. अॅट्रोपिन आणि प्रॅलिडॉक्झिम यांची सोय तेथेच असते. अशा प्रसंगी अगदतंत्राचा अभिमान बाळगून वेळ दवडणे अक्षम्य ठरेल.

फार्मसीचा प्रश्न याच साखळीचा पुढील दुवा आहे. फवारलेल्या सोयाबीनचे कुटार अळिंबीचे अधिष्ठान झाले, तर त्या फवारणीचा प्रश्न अळिंबीपर्यंत पोहोचतो. कॅडमियमसारखे जड धातू शोषून साठविण्याची अनेक अळिंबींची प्रवृत्ती प्रसिद्ध आहे. 'अनुरस भूमीप्रमाणे' हे सुश्रुतांचे वचन या संदर्भात आपल्याला अस्वस्थ करणारे आहे.

परीक्षा कोठे करावी?

विकरभेदाच्या परीक्षेची मर्यादा फार्मसीचालकांनी नीट समजून घेणे आवश्यक आहे, अन्यथा प्रमाणपत्रांचा एक नवा बाजार उभा राहील. विकर हे नाजूक प्रथिन आहे. उन्हात वाळविलेल्या, भट्टीत सुकविलेल्या, दळलेल्या द्रव्यात ते बहुतांशी नष्ट झालेले असते. म्हणून चूर्णाची, क्वाथाची किंवा घनसत्त्वाची ओळख समविकरांवरून पटविता येत नाही. तसा दावा कोणी केला तर तो नाकारावा. पान, मूळ आणि बीज यांचे पट्टे एकाच झाडात वेगळे असू शकतात; वयानेही ते बदलतात. तेव्हा तुलना करावयाची तर समान अवयव, समान वय आणि समान ऋतू हवा. शिवाय जनुकातील प्रत्येक भेद विकरात उमटत नाही. याच कारणाने १९९० च्या दशकानंतर पुष्कळ कार्य डीएनएवर आधारित रीतींकडे गेले. कोरड्या द्रव्यासाठी आयुर्वेदिक फार्माकोपियात सांगितलेली स्थूल व सूक्ष्मदर्शकीय परीक्षा, भस्ममान, निष्कर्षमान आणि पातळ थरावरील क्रोमॅटोग्राफी हेच साधन योग्य होय.

मग विकरभेदाचा उपयोग कोठे? वाफ्यावर, बियाण्यावर, अळिंबीच्या स्पॉनवर. द्रव्य जिवंत असेल तेथे. विदर्भात २००० नंतरच्या वर्षांत सफेद मुसळीची लाट आली होती. कंद चढ्या भावाने विकत घेऊन अनेकांनी लागवड केली आणि नंतर भाव कोसळल्याने ते अडचणीत आले. मुसळी कंदांपासून वाढविली जाते. अकोट-अंजनगाव सुर्जी भागातील पानपिंपळीही वेलाच्या तुकड्यांपासूनच लावतात. अशा शाखीय वृद्धीच्या पिकांत पहिला कंद किंवा पहिला वेल चुकीचा निघाला, तर ती चूक वर्षानुवर्षे जशीच्या तशी पुढे जाते आणि अखेरीस आपल्या चूर्णात उतरते. लागवडीपूर्वी शंभर रोपांतील काही रोपांची तपासणी करणे हे शेतकरी आणि फार्मसी या दोघांच्याही हिताचे आहे.

आमच्या सूचना

पहिली सूचना खरेदीच्या नोंदीविषयी आहे. उत्तम निर्मितीपद्धतीचे परिशिष्ट 'टी' २००० साली अधिसूचित झाल्यापासून कच्च्या द्रव्याची नोंद ठेवणे प्रत्येक उत्पादकास बंधनकारक आहे. त्या नोंदीत भूछत्रवर्गीय द्रव्यांसाठी दोन रकाने प्रत्येकाने स्वतःहून वाढवावेत : 'जाती व वाण' आणि 'अधिष्ठान'. कोणत्या स्पॉनपासून आणि कोणत्या माध्यमावर माल तयार झाला, हे विक्रेता सांगू शकत नसेल, तर तो माल घेऊ नये. हे दोन रकाने भरण्यास खर्च शून्य आहे.

दुसरी सूचना संघटनेसाठी आहे. एकट्या-दुकट्या फार्मसीस प्रयोगशाळा परवडणार नाही. परंतु संघटनेस अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाशी संपर्क साधणे अवघड नाही. तेथील नागार्जुन औषधी वनस्पती उद्यान आणि जिल्ह्यातील कृषी विज्ञान केंद्रे यांच्या सहकार्याने आपल्या भागातील मुसळी, पिंपळी, अश्वगंधा यांच्या लागवडींतील जिवंत नमुन्यांचा संदर्भसंग्रह उभा करावा. प्रत्येक नमुन्याचे गाव, लागवडीचे वर्ष आणि बियाण्याचा उगम लिहून ठेवावा. परीक्षेची रीत उद्या बदलेल. खात्रीचा नमुना मात्र प्रत्येक रीतीला लागणारच आहे.

तिसरी सूचना वैद्यवर्गास आहे. भूछत्रवर्गीय कोणतेही नवे उत्पादन लिहून देण्यापूर्वी संहितांनी सांगितलेले त्याचे गुरुत्व, शीतत्व आणि कफकरत्व विसरू नये. पीनस, मंदाग्नी आणि आमावस्था असलेल्या रुग्णास केवळ परदेशी संशोधनाच्या पुस्तिकेवर विसंबून ते देणे शास्त्रास धरून नाही. ज्याची जाती आणि अधिष्ठान ठाऊक नाही, असे उत्पादन तर मुळीच देऊ नये.

या सूचनांवर दोन्ही बाजूंनी आक्षेप येतील याची आम्हास कल्पना आहे. काही ज्येष्ठ म्हणतील, की प्रत्यक्ष आणि आप्तोपदेश असताना जेलची गरज काय. परंतु प्रत्यक्षाच्या मर्यादा आचार्यांनीच सांगितल्या आहेत. अतिसूक्ष्म वस्तू आणि समान वस्तूंत मिसळलेली वस्तू इंद्रियांना कळत नाही, हे चरकात स्पष्ट आहे. दुसऱ्या बाजूने काही तरुण म्हणतील, की प्रयोगशाळेचा अहवाल मिळाला म्हणजे काम संपले. त्यांना आमचे सांगणे असे, की अहवाल द्रव्याचे नाव सांगेल, रुग्णाची प्रकृती सांगणार नाही.

चरकाचार्यांच्या काळी नाव आणि रूप सांगणारे लोक रानात होते आणि योजना सांगणारा वैद्य गावात होता. त्यांच्यात देवाणघेवाण होती. आज ती जागा शेतकरी, कृषिशास्त्रज्ञ आणि वैद्य यांच्या संवादाने भरून काढावी लागेल. संघटनेच्या आगामी जिल्हा सभेत नमुना संग्रहाचा आणि खरेदी नोंदीतील दोन रकान्यांचा ठराव मांडण्यात यावा, अशी आमची विनंती आहे. सोयाबीनच्या हंगामानंतर कुटार शेताशेतांत पडून असते आणि अळिंबीची लागवडही त्याच सुमारास सुरू होते. हा ठराव त्यापूर्वी संमत झाला, तर पुढील माल घेताना आपल्याजवळ विचारावयाचे प्रश्न तयार असतील.